हॉल क्रमांक दोनच्या चिठ्ठ्या

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं, तेही अर्धंच. सात वर्षं झाली. घरात त्या कॉन्फरन्सचा विषय निघाला की मला काहीतरी काम आठवतं आणि मी उठून आत जातो.

मागच्या महिन्यात कमिटीतल्या एकाचा फोन आला. "काका, यंदा स्मरणिका काढतोय. फीडबॅकचं सगळं तुम्ही बघायचात ना, त्याच्या आठवणी लिहा. मजेमजेच्या." मी हो म्हणालो. मजेच्या आठवणी आहेतही. एकाने भाषणाबद्दल काही न लिहिता समोशाला दहापैकी नऊ गुण दिले होते. एका वक्त्याबद्दल कोणीतरी लिहिलं होतं, 'हे खरंच इतका वेळ उभे होते की मला तसं वाटलं?' असं एक पान लिहून झालं आणि मग हात चालेना. म्हणून हे लिहितो आहे. स्मरणिकेत ते घेतील की नाही, त्यांचं ते बघतील.

मी एका मोठ्या ऑफिसच्या संगणक विभागात तीस-बत्तीस वर्षं होतो. निवृत्त झालो तेव्हा आमच्या काळातल्या भाषा आणि यंत्रं दोन्ही गेली होती. मुलुंडला आमच्या शेजारच्या इमारतीत वेबसाइट बनवणारा एक तरुण राहतो. तो मला एकदा त्यांच्या वार्षिक कॉन्फरन्सला घेऊन गेला. वेब प्रोग्रामिंग करणारी तीनशे-साडेतीनशे माणसं मुलुंडच्याच एका कॉलेजात रविवारी जमायची, दोन हॉलमध्ये दिवसभर भाषणं व्हायची. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण बरं वाटलं. पुढच्या वर्षी मी कमिटीत गेलो आणि फीडबॅकचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे मी ते मागून घेतलं.

त्याआधी ते सगळं फोनवर व्हायचं. दिवस संपल्यावर लोकांना लिंक पाठवायची, आणि तीनशेपैकी वीस जण भरायचे. मी म्हटलं, कागद वापरा. हॉलच्या दाराशी खोका ठेवा, माणूस बाहेर पडताना चिठ्ठी टाकूनच जाईल. मुलं हसली. "काका, वेबवाल्यांच्या कॉन्फरन्सला कागद?" पण पहिल्याच वर्षी खोके भरले, आणि मग कोणी हसलं नाही.

त्या चिठ्ठीवर वक्त्याचं नाव नसायचं. वर फक्त हॉल क्रमांक आणि वेळ छापलेली असे. हीही माझीच कल्पना. नाव दिसलं की लोक नावाला गुण देतात, असं माझं म्हणणं होतं. दुसरा नियम मी स्वतःपुरता केला होता: मतं एकत्र करणाऱ्याने एकही भाषण ऐकायचं नाही. आपलं मत मध्ये यायला नको. मी दिवसभर खाली नोंदणीच्या टेबलावर बसायचो, फोन बॅगेत टाकून. संध्याकाळी खोके घरी न्यायचे, दोन आठवडे बसून प्रत्येक वक्त्याचा एक पानी अभिप्राय तयार करायचा आणि पाठवायचा. मला या पद्धतीचा फार अभिमान होता. मी ती लोकांना समजावून सांगायचो, कोणी विचारलं नाही तरी.

सात वर्षांपूर्वीच्या त्या कॉन्फरन्सला दुपारी दोन वाजता दोन भाषणं होती. हॉल एकमध्ये एका कंपनीचे मोठे अधिकारी होते. त्यांची कंपनी आमची मुख्य प्रायोजक. हॉल दोनमध्ये तिचं भाषण.

तिचं नाव लिहीत नाही. दहिसरला राहायची, तिशीची असेल. वडील कोकणातून आलेले, गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत, नंतर मिळेल ते काम. नोकरी करता करता ती प्रोग्रामिंग शिकली होती, आणि आयुष्यातलं पहिलं भाषण द्यायला ती आमच्याकडे आली होती. सकाळी नोंदणीला आली तेव्हा तिने मला विचारलं, "सर, मराठी-इंग्लिश मिक्स बोललं तर चालेल ना? नुसतं इंग्लिश बोलायला गेले तर मी अडकते."

"बिनधास्त बोला," मी म्हटलं.

"आणि सर, तो फीडबॅक लेखी मिळतो ना? ऑफिसात ट्रेनिंग टीममध्ये एक जागा आहे. नवीन मुलांना शिकवायची. अर्जाला जोडायचा आहे."

"दोन आठवड्यांत मिळेल," मी म्हटलं.

दीडच्या सुमारास हॉल एकचा एसी बंद पडला. प्रायोजकाच्या माणसाला घामात उभं कसं करायचं? वर असलेल्या कमिटीच्या मुलांनी दहा मिनिटांत ठरवलं. साहेब हॉल दोनमध्ये, ती हॉल एकमध्ये. श्रोत्यांना तसं सांगितलं, माणसं उठून इकडची तिकडे गेली. दाराशी ठेवलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे कोणी हलवले नाहीत; ते कोणाच्या डोक्यात येणार? कमिटीच्या ग्रुपवर मात्र एकाने मेसेज टाकला होता. मी खाली टेबलावर होतो आणि फोन बॅगेत होता. संध्याकाळी बघितलं तर ग्रुपवर दोनशेच्या वर मेसेज. ते मी वाचले नाहीत.

घरी गेल्यावर मी छापील कार्यक्रमपत्रिका समोर ठेवली. हॉल दोन, दुपारी दोन, म्हणजे ती.

चिठ्ठ्या वाईट होत्या. 'स्लाइड वाचून दाखवल्या.' 'तयारी नाही.' 'मधेच उठून जाता येत नव्हतं म्हणून बसलो.' 'आजच्या दिवसातला सर्वांत वाया गेलेला वेळ.' बहुतेक इंग्रजीत, मी अर्थ सांगतो आहे. मला तिचं वाईट वाटलं, हे खरं आहे. आणि पाच-सहा चिठ्ठ्यांवर लिहिलं होतं की हे भाषण नव्हतं, कंपनीची जाहिरात होती.

आता इथे कोणीही थांबलं असतं. ती काही विकत नव्हती, कंपनीची म्हणून आलीच नव्हती. मीही थांबलो. चिठ्ठ्या पुन्हा एकदा चाळल्या. मग ठरवलं की ह्या चिठ्ठ्या चुकून दुसऱ्या खोक्यातल्या आल्या असणार, आणि त्या बाजूला काढल्या. बाकीच्यांचा अभिप्राय नीट टाइप केला. इतक्या वर्षांच्या नोकरीत हेच तर शिकलो होतो, न बसणारी नोंद वेगळी काढायची. फक्त ती का बसत नाही, ते नोकरीत असतो तर शोधलं असतं.

अभिप्राय पाठवल्यावर दोन दिवसांनी तिचा ईमेल आला. साधा, नम्र. ती लिहीत होती की लोकांनी लिहिलेलं वाचून तिला धक्का बसला. 'स्लाइड वाचल्या असं लिहिलंय, पण माझ्याकडे सगळ्या मिळून चारच स्लाइड होत्या, बाकी वेळ मी कोड लिहून दाखवत होते. काही गोंधळ तर नाही ना? मूळ चिठ्ठ्या एकदा बघायला मिळतील का?'

मी काय उत्तर दिलं ते माझ्याकडे अजून आहे. मूळ चिठ्ठ्या वक्त्यांना दाखवण्याची पद्धत नाही, असं पहिलं वाक्य. खोटं नव्हतं, तशी पद्धत नव्हती. कोणी मागितल्याच नव्हत्या. पुढे लिहिलं, 'पहिल्या भाषणात असं होतं. टीका खेळीमेळीने घ्यायला शिकलं पाहिजे. मीही माझ्या उमेदीच्या काळात साहेबांचं खूप ऐकून घेतलं आहे.' असा तीन परिच्छेदांचा उपदेश. लिहून झाल्यावर बायकोला वाचूनही दाखवला. ती म्हणाली, "छान आहे, पण पोरीने काय विचारलंय?"

तिचं पुन्हा पत्र आलं, एका ओळीचं. 'थँक्यू सर, लक्षात ठेवीन.'

चार-पाच महिन्यांनी दिवाळीच्या आवराआवरीत बायकोने माळ्यावरचे गठ्ठे खाली काढले. "अहो, ह्या चिठ्ठ्या रद्दीत घालायच्या की त्यांचं म्युझियम करायचंय?" मी म्हटलं, एकदा नजर घालतो. आणि खालीच बसून हॉल एकचं, दुपारी दोनचं पाकीट उघडलं. त्या साहेबांना फार चांगला अभिप्राय गेला होता, तो मीच केला होता. पण त्या वेळी मी नुसते गुण मोजले होते आणि वरवरची दोन-तीन वाक्यं उचलली होती. चांगल्या चिठ्ठ्या नीट वाचायची गरज वाटत नाही.

पहिलीच चिठ्ठी मराठीत होती. 'एसी नसूनही कोणी उठलं नाही, यातच सगळं आलं.'

दुसरी: 'ताईंनी बाबांचा अंगठा दाखवला तो व्हिडिओ आमच्या सगळ्या टीमला दाखवायला हवा.'

तिसरीवर जरा जास्त लिहिलं होतं. तिच्यावरून मला भाषण काय होतं ते समजलं. ती वेबवरच्या फॉर्मबद्दल बोलली होती. तिचे वडील कसलासा अर्ज जुन्या फोनवर भरत होते, नेट हळू. पाऊण तास खपून भरला आणि शेवटी चुकून मागे जायचं बटण दाबलं गेलं. पडद्यावर फक्त त्यांचा अंगठा आणि तो रिकामा झालेला फॉर्म, आणि मागून त्यांचा आवाज: "अरे, गेला सगळा! आता परत भरूक व्हया?" हॉल हसला. त्यानंतर तिने सगळ्यांसमोर तोच फॉर्म नव्याने लिहून दाखवला, नेट गेलं तरी भरलेलं पुसणार नाही असा. चिठ्ठीत शेवटी होतं, 'मी असेच फॉर्म बनवतो. सोमवारी ऑफिसला गेलो की पहिलं काम हेच. त्यांना सांगा.'

त्यांना सांगा, असं लिहिलं होतं.

मी पाकिटातल्या सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. एक्केचाळीस होत्या. मग ग्रुपवरचे त्या दिवशीचे न वाचलेले मेसेज चाळले, आणि तो सापडला. 'हॉल एक आणि दोन अदलाबदल, सगळ्यांनी नोंद घ्या.'

बायको केर काढत होती. तिला सांगितलं, काहीतरी उलटसुलट झालंय. पाकिटं बदलली गेली.

"मग फोन करा ना तिला. त्यात काय एवढं?"

"कमिटीचं बघावं लागेल आधी."

"कमिटीचा काय संबंध? पत्र तुम्ही लिहिलं होतं."

तिला मी पुढचं सांगितलं नाही. जाहिरातीच्या चिठ्ठ्या मी स्वतः बाजूला काढल्या होत्या, म्हणजे मला त्या वेळीच शंका आली होती, हे सांगितलं नाही. त्या आठवड्यात कमिटीची बैठक होती, तिथेही बोललो नाही. कारण सांगण्यासारखं मोठं काही नाही. प्रायोजक साहेबांना माझ्या अभिप्रायाच्या जोरावर पुढच्या वर्षी उद्घाटनाचं भाषण दिलेलं होतं, ते काढून घ्यायला कोण जाणार? पण खरं कारण तेही नव्हतं. निवृत्तीनंतर ही एकच जागा होती जिथे मी आलो की कोणीतरी म्हणायचं, काका आले, आता नीट होईल. मला ते गमवायचं नव्हतं.

पुढच्या वर्षी साहेबांनी उद्घाटनालाही स्लाइडच वाचल्या. संध्याकाळी खोके उचलताना एक जण म्हणाला, "काका, साहेबांचा फॉर्म गेला की काय? गेल्या वर्षी तर झकास बोलले होते म्हणे." मी हसलो. तिच्याकडून भाषणाचा प्रस्ताव आला नव्हता. तो आहे का, हे मी यादीत दोनदा बघितलं.

त्यानंतर एक वर्ष काम करून, डोळ्यांचं कारण सांगून मी कमिटी सोडली. निरोपाला मुलांनी मला शाल दिली आणि माझ्या पद्धतीचं कौतुक केलं.

मग गेल्या वर्षीची गोष्ट. माझी मुलगी बोरिवलीला राहते. नातीच्या शाळेत एक दिवस असतो, पालकांनी येऊन मुलांना आपल्या कामाबद्दल सांगायचं. मुलीला ऑफिसातून निघता येईना, म्हणून मी गेलो. वर्गाबाहेर सात-आठ पालक होते आणि वर्गशिक्षिका एका बाईच्या मागे लागल्या होत्या.

"अहो, पाचच मिनिटं. कॉम्प्युटरवाली आई मुलांना कुठे बघायला मिळते?"

"नको हो बाई, मला नाही जमत. मुलं झोपतील."

"घरी ह्या लेकीला ओरडता तेव्हा जमतं ना बोलायला?"

सगळे हसले. ती बाईही हसली, आणि हसता हसता तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला ओळखलं नव्हतं. तिने ओळखलं.

"अय्या, सर! तुम्ही इथे?" मग शिक्षिकेला म्हणाली, "बाई, तुम्हाला पटत नाही ना, ह्या सरांना विचारा. मी एकदा भाषण केलं होतं, मुलुंडला, मोठ्या कॉन्फरन्समध्ये. लोकांनी काय काय लिहिलं होतं ते सगळं सरांकडे आहे. पार वाट लागली होती माझी. काय सर?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तो घरात अनेकदा सांगून झालेला किस्सा वाटत होता. शेजारी तिची मुलगी उभी होती, आठेक वर्षांची, आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. सगळेच बघत होते.

मी म्हणालो, "तसं काही नाही. पण प्रत्येकाचा पिंड वेगळा असतो."

"बघा!" ती शिक्षिकेला म्हणाली.

"मग आजोबा, तुम्हीच बोला," शिक्षिका म्हणाल्या. आणि मी बोललो. आमच्या काळातल्या भोकं पाडलेल्या पंचकार्डांपासून सुरुवात करून पंधरा-वीस मिनिटं बोललो. ती मागच्या बाकावर बसून हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

शाळा सुटल्यावर गेटपाशी तिने रिक्षा थांबवली. "सर, या ना, वाटेतच सोडते." नातीला संगीताचा वर्ग होता, म्हणून मी एकटाच होतो. रिक्षात ती, तिची मुलगी आणि मी. मी तिला विचारलं, सध्या काय करता? म्हणाली, त्याच कंपनीत आहे अंधेरीला, टेस्टिंगला. इतरांनी लिहिलेलं तपासायचं. "बरं आहे सर. बोलावं लागत नाही कोणासमोर." ट्रेनिंगच्या त्या जागेचं मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "तुमचं ते पत्र मी अजून जपून ठेवलंय. तेव्हा खूप रडले होते, पण बरं झालं. आपल्याला काय येत नाही ते वेळेवर कळलेलं चांगलं."

"ते चिठ्ठ्यांचं…" मी सुरुवात केली.

"सोडा हो सर, किती वर्षं झाली! तुम्ही तुमचं काम केलंत."

तिच्या मुलीने मान पुढे काढली. "आजोबा, आईचं भाषण खरंच इतकं वाईट होतं?"

"अगं, असं विचारतात का मोठ्यांना?"

मी म्हणालो, "मी ऐकलं नव्हतं, बाळा."

हे अगदी खरं होतं. इतकं खरं बोलून मी त्या दिवशी सुटायला बघत होतो.

"मग तुम्हाला कसं माहीत?" ती म्हणाली.

तिच्या आईने तिला चापट मारली, लाडाची. माझ्या मुलीच्या घराचा कोपरा आला होता. मी उतरलो, हात हलवला, रिक्षा दहिसरच्या दिशेने गेली.

नंतर एकदा मी ती दोन्ही पाकिटं पिशवीत घालून दहिसरला तिच्या इमारतीपर्यंत गेलो. पत्ता शाळेच्या यादीतून मिळवला होता. चेकनाक्याच्या अलीकडे नवीन टॉवर आहेत, त्यातला एक. गेटवरच्या वॉचमनने फोनमध्ये माझं नाव भरलं, फोटो काढला आणि विचारलं, "काका, काम काय लिहू?" वरती तिच्या फोनवर ते दिसणार होतं. मी म्हटलं, राहू दे, परत येतो. परत गेलो नाही. मला आता बहात्तरावं चालू आहे, दहिसर काही लांब नाही, आणि तिचा ईमेलही माझ्याकडे आहे. मग अडलंय कुठे?

तिला मला जे सांगायचं होतं ते असं:

तुम्हाला मी पाठवलेला अभिप्राय तुमच्या भाषणाचा नव्हता, शेजारच्या हॉलमधल्या भाषणाचा होता. तुमच्या हॉलमध्ये एक्केचाळीस जणांनी चिठ्ठ्या टाकल्या. त्यातल्या एकीतही वाईट शब्द नाही. एकाने माझ्याकडे तुमच्यासाठी निरोप दिला होता, तो मी दिला नाही. अदलाबदल झाली तेव्हा मला माहीत नव्हतं, पण काहीतरी चुकलंय हे दिसलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी बघायला हवं होतं. त्याऐवजी मी तुम्हाला ऐकून घ्यायला शिकवलं. पुढे मला सगळं कळलं, तरी गप्प बसलो, आणि शाळेत तुमच्या मुलीसमोर पुन्हा तेच केलं. तुम्हाला बोलता येतं. चांगलं येतं. ते तुमच्यापासून मी काढून घेतलं. मला माफ करा.